तेविसावं पान

नेव्हिल पेंगली गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. पाच ओळी होत्या. किती शोधनिबंध लिहिले, कुठल्या समित्यांवर होता, निवृत्त कधी झाला. शेवटची ओळ अशी: ‘शुष्क प्रदेशातील भूजलाच्या आकलनात त्यांचे योगदान अनन्यसाधारण होते.’ आमच्या कुरलिंग गावाचं नाव कुठेच नव्हतं. कुरलिंगमध्ये त्याने आयुष्यात पहिल्यांदा अशी गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याला ती कळली. असलं काही शास्त्रज्ञाच्या मृत्युलेखात घालत नसावेत. म्हणून मी लिहितेय.

मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली. त्याचा मला अभिमान नाही आणि लाजही नाही. मेंढ्या होत्या, आईची कंबर गेली होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. टाइपिंग मी पुस्तकातून शिकले. पुठ्ठ्यावर अक्षरांच्या कळा काढल्या आणि दोन हिवाळे त्या पुठ्ठ्यावर बोटं आपटली. म्हणून एकाहत्तर साली, एकवीस वर्षांची असताना, मी गावच्या कौन्सिलच्या कचेरीत टायपिस्ट होते. खऱ्या यंत्रावर.

पेंगली त्याआधी तीन वर्षांपासून आमच्याकडे येत होता. शेतकी खात्याचा माणूस, चाळिशीचा, उंच, काटकुळा. अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे आणि उजव्या मोज्यात खोचलेली पेन्सिल. नाकावर उन्हासाठी पांढरं मलम. गावात त्याला ‘नळीवाला डॉक्टर’ म्हणायचे, कारण तो जमिनीत भोकं पाडून त्यात नळ्या घालायचा. आमच्या आणि शेजारच्या अर्न ड्रेसलच्या रानात मिळून सात नळ्या होत्या. पाच गव्हाखाली, दोन वरच्या झाडीत. माझ्या बाबांनी, क्लेम स्कीहन यांनी, परवानगी देताना एकच अट घातली होती. “भोकं पाड, पण झाकणं लाव. मेंढीचा पाय गेला तर तुझा मोडून ठेवीन.”

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तो नळ्या मोजायला यायचा आणि आकडे लिहून घ्यायला मी बरोबर जायचे. नळीत सोडायचं एक साधं हत्यार होतं. लांब फीत, तिच्या टोकाला पितळेची बोटभर वाटी, उपडी बांधलेली. फीत सोडत जायची. वाटी पाण्याला टेकली की खालून आवाज यायचा, डुबुक. तिथे फीत धरायची आणि आकडा वाचायचा. आम्ही त्या वाटीला डुबक्या म्हणायचो. पेंगली फीत सोडताना एक हात वर करायचा, म्हणजे गप्प बसा. मग रानात नुसत्या माश्यांचा आवाज आणि दूर कुठे काकाकुव्यांची भांडणं. मी श्वास धरून बसायचे. डुबुक. “एकोणीस फूट चार,” तो म्हणायचा आणि मी लिहायचे. मग थर्मासमधला चहा, माझ्या आईचा खजुराचा केक, आणि पुढची नळी.

बायका काहीबाही बोलायच्या. बोलू देत. त्याला पर्थमध्ये बायको होती आणि मला त्याच्यापेक्षा त्याचा डुबक्या जास्त आवडायचा. जमिनीच्या पोटातला आवाज कोणी कधी ऐकवला होता मला? आज पन्नास वर्षं झाली, तरी गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, पानांचा वास आला की आधी कानात डुबुक वाजतं.

तर त्या वर्षी फेब्रुवारीत त्याने अहवाल लिहिला आणि टाइप करायला माझ्याकडे दिला. एकतीस पानं. पहिलंच वाक्य मला अजून पाठ आहे. ‘प्रस्तुत निरीक्षण-कालखंडात अभ्यासक्षेत्रातील भूजलपातळीच्या ऊर्ध्वगामी कलाचे अस्तित्व सूचित होते.’ मी ते टाइप केलं. असली एकतीस पानं टाइप केली, दोन कार्बन लावून, एकही चूक न करता. कळलं काहीच नाही. आणि मला त्यात गैर काही वाटलं नाही. मला वाटलं, चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या बाईला हे कळायचं नसतंच. राग मला याचाच येतो, अजून येतो. लिहिणारा धड लिहीत नाही आणि शरम वाचणाऱ्याला वाटते.

मग हॉलमध्ये सभा झाली. रविवार, दुपारी तीन. साठेक माणसं आली होती, बायकांनी रिवाजाप्रमाणे एकेक ताट आणलं होतं. स्कोन, सँडविच, स्पंज केक. मागच्या बाजूला चहाचं मोठं पिंप तापत ठेवलं होतं. कुरलिंगमध्ये सभेचं घड्याळ म्हणजे ते पिंप. ते उकळून झाकण वाजायला लागलं की वक्ता पाद्री असो नाहीतर खासदार, त्याने बसायचं. हे पेंगलीला कोणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं, ते आम्हाला माहीतच असतं.

त्याने भिंतीवर मोठा कागद लावला. त्यावर एक रेघ, डावीकडून उजवीकडे वर चढत जाणारी. आणि अहवाल वाचायला घेतला, पहिल्या पानापासून, पद्धतीपासून, नळीच्या व्यासापासून. अर्न ड्रेसल दहाव्या मिनिटाला झोपला. पस्तिसाव्या मिनिटाला माझे बाबा उभे राहिले. बाबांना एखादी गोष्ट कळली नाही की ते टोपी मागे सरकवत. तोवर ती पार मानेवर आली होती.

“डॉक्टर, एक सांगा,” ते म्हणाले. “ती रेघ म्हणजे पाणी का?”

“हो.”

“आमच्या जमिनीखालचं?”

“हो. वर्षाला सरासरी नऊ इंच.”

“वर येतंय?”

“वर येतंय.”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. काय टाळ्या पडल्या! अर्न जागा होऊन टाळ्या वाजवू लागला. दोन वर्षं पाऊस नव्हता. तळी आटली होती, मेंढ्यांसाठी टँकरने पाणी आणत होतो, आई भांडी घासलेलं पाणी टोमॅटोला घालत होती. आणि सरकारचा डॉक्टर कागद लावून सांगतो की पायाखाली पाणी चढतंय. पेंगलीला वाटलं, आपल्या कामाची कदर झाली. त्याचं नाक मलमाखाली लाल झालं. तेवढ्यात झाकण वाजायला लागलं, माणसं चहाकडे उठली आणि तो बसला. अठराव्या पानावर.

टाळी मीही वाजवली. ज्या हातांनी तेविसावं पान टाइप केलं होतं त्याच हातांनी.

बाबांनी त्या आठवड्यातच साखळीवाल्याला बोलावलं. आमच्या घराच्या वर एक लांब टेकाड आहे. त्याच्यावर आजोबांनी चारशे एकर झाडी राखून ठेवली होती, कुंपणाच्या खांबांसाठी आणि सरपणासाठी. गुलाबी सालीचे उंच गम, सकाळच्या उन्हात तांब्याच्या भांड्यासारखे दिसायचे. टेकाडाच्या पूर्वेचं पाणी एका खोऱ्यात उतरतं, पश्चिमेचं दुसऱ्या. बाबांचा हिशेब सरळ होता. आजवर पाणी पुरणार नाही या भीतीने हात आखडता घेतला, आता खाली पाणी आहे, तर वरही गहू पेरू. त्यांना मूर्ख म्हणण्याची कोणाची छाती नाही, निदान माझ्यासमोर. जे ऐकलं त्यावर कोणत्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

साखळीवाला म्हणजे दोन बुलडोझर आणि मध्ये जहाजाच्या नांगराची साखळी. दोन्ही यंत्रं समांतर चालतात आणि मधलं सगळं आडवं होतं. दहा दिवसांत त्याने पूर्वेचा उतार साफ केला. आवाज कचेरीपर्यंत यायचा. संध्याकाळी काकाकुवे यायचे आणि बसायला जागा नाही म्हणून हवेतच फिरत राहायचे. मग ईस्टर आला म्हणून साखळीवाला दुसऱ्या गावचं काम उरकायला गेला. तीन आठवड्यांनी येऊन पश्चिमेचा उतार पाडतो, म्हणाला.

त्याच आठवड्यात खात्याला अहवालाची आणखी एक प्रत हवी होती आणि कार्बनची प्रत पुसट निघाली होती. म्हणून मी पुन्हा टाइप करायला बसले. आता घाई नव्हती. तेविसाव्या पानावर माझी बोटं थांबली. ‘सदर ऊर्ध्वगमनाबरोबर अवमृदेतील संचित क्षारांचेही परिवहन होण्याची शक्यता नाकारता येत नाही, व तसे झाल्यास कृषी-उत्पादकतेवर प्रतिकूल परिणाम संभवतात.’

मी ते सहा वेळा वाचलं. मग कौन्सिलचा शब्दकोश काढला. क्षार, परिवहन, अवमृदा. एकेक शब्द उलगडला आणि आत बसलेलं वाक्य बाहेर आलं. त्या पाण्यात मीठ आहे.

आमच्या ओढ्याकाठी अर्ध्या एकराचा एक उघडा तुकडा होता, तिथे काही उगवत नसे. आम्ही त्याला टक्कल म्हणायचो. बाबा म्हणायचे, आजोबांच्या मेंढ्या तिथे बसायच्या म्हणून जमीन मेली. मी कागद यंत्रातून ओढून काढला, कचेरीतल्या साहेबांना न विचारता त्यांची सायकल घेतली आणि रानात गेले. शनिवार नव्हता, पण पेंगली होता. तीन नंबरच्या नळीपाशी उकिडवा बसलेला. समोर आडवा झालेला पूर्वेचा उतार.

मी कागद त्याच्या नाकासमोर धरला. “डॉक्टर, हे तुम्ही कोणासाठी लिहिलंत?”

त्याला वाटलं, टायपिंगची शंका आहे. त्याने खरोखर विचार केला. “तीन माणसांसाठी,” तो म्हणाला. “एक अ‍ॅडलेडला असतो, एक कॅनबेराला. तिसरा मागच्या वर्षी वारला.”

“आणि माझा बाप?”

“त्यांना मी सांगितलं, डॉट. हॉलमध्ये सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“तुम्ही पाणी वर येतंय म्हणालात. दोन वर्षं टँकरमागे धावणाऱ्या माणसाला म्हणालात, पाणी वर येतंय. तो टाळ्या वाजवणार नाही तर काय रडणार?”

त्याने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा उताराकडे. मग मातीत बसकणच मारली. त्याची समजूत अशी होती की लोकांनी सगळं ऐकलं, समजून घेतलं आणि तरीही झाडं पाडायचं ठरवलं. खात्यात त्याला हेच शिकवलं होतं. शेतकरी ऐकतो आणि सोडून देतो. आपलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही, ही शक्यता तेवढी त्याच्या कुठल्याच पानावर नव्हती.

“ते टक्कल,” मी म्हटलं, “ते मेंढ्यांनी केलं की मिठाने?”

“मिठाने. पहिल्या वर्षीच मोजलंय मी. परिशिष्टात आहे.”

परिशिष्टात. मला त्याला मारावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढचे चार दिवस कचेरी सुटली की आम्ही त्याच्या पिकअपच्या बॉनेटवर कागद पसरून उभे राहायचो. एकतीस पानांचं एक पान करायचं होतं. माझी कसोटी एकच होती. प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायचं आणि विचारायचं, इथे बाबांची टोपी हलेल का? हलली तर वाक्य खोडायचं. पहिल्या दिवशी त्याची सगळी वाक्यं खोडली गेली. तो घामाघूम झाला. ‘सूचित होते’ काढायला तो तासभर भांडला.

पण एका ठिकाणी तो हटेना. मी लिहिलं होतं, ‘झाडं पाडलीत तर तुमची जमीन मरेल.’ तो म्हणाला, हे लिहायचं नाही.

“का? खरं नाहीये?”

“मला माहीत नाही. माझ्याकडे सात नळ्या आहेत आणि तीन वर्षं. पाच नळ्यांत पाणी चढतंय. झाडीतल्या दोन नळ्यांत चढत नाही, तिथे पावसाचं पाणी झाडंच पिऊन टाकतात. एवढंच मला माहीत आहे. अर्नच्या मागच्या रानात काय आहे ते मला माहीत नाही.”

“मग तुम्ही पुन्हा ‘शक्यता नाकारता येत नाही’वर येणार.”

“नाही,” तो म्हणाला. त्याने मोज्यातली पेन्सिल काढली आणि लिहिलं, ‘तुमच्या शेताखाली काय आहे ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचं असेल तर तिथे एक नळी घाला.’ आणि म्हणाला, “चालेल?”

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, ती पुढे कुठल्याही पुस्तकात सापडली नाही. सोपं लिहायचं म्हणजे छातीठोक लिहायचं असं मी धरून चालले होते. तो छातीठोक लिहायला घाबरायचा म्हणून अवघड लिहायचा. दोघंही चुकत होतो. जे माहीत नाही तेही तितक्याच सरळ शब्दांत सांगता येतं.

तरी त्या पानाची सुरुवात माझी आहे. पहिली तीन वाक्यं. पाणी वर येतंय. येताना मीठ घेऊन येतंय. झाडं त्याला खाली धरून ठेवतात.

दुसरी सभा ईस्टरनंतरच्या रविवारी ठेवली. आणि चहा आधी, ही कल्पना माझी. तीन नंबरच्या नळीतलं पाणी उपसून त्याचा चहा करायचा आणि कोणाला न सांगता द्यायचा, असं मी ठरवलं होतं. थुंकू देत सगळ्यांना. पेंगली म्हणाला, अजिबात नाही. “फसवलंस तर घरी जाताना फसवणूक घेऊन जातील. पाणी विसरतील.” म्हणून दोन पिंपं ठेवली. एकावर चिठ्ठी, ‘पावसाच्या टाकीचं’. दुसऱ्यावर, ‘क्लेम स्कीहन यांच्या गव्हाखालचं, अठरा फुटांवरून’. पाणी त्याने आधी तपासून घेतलं होतं. एका कपाने काही होत नाही, पण रोज पिववणार नाही.

हॉलमध्ये माणसं आली ती चिठ्ठ्या वाचून घुटमळली. पहिला कप अर्न ड्रेसलने भरला, दुसऱ्या पिंपातला, कारण तो अर्न होता. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. दूध फुटून कपात गुठळ्या तरंगत होत्या.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “बरोबर मासे देणार आहात का? समुद्र तर कपात दिलात.”

सगळे हसले. आणि मग एकेक जण पुढे झाला. कोणी बोट बुडवून चाटलं, कोणी घोट घेऊन दाराबाहेर थुंकला. बाबा रांगेत शेवटी आले. कपभर घेतला, उभ्या उभ्या सगळा प्याला आणि कप बशीत उपडा ठेवला. चेहऱ्यावर काही नाही. “माझ्या मेंढ्या याहून वाईट पाणी प्यायल्यात,” ते म्हणाले.

“मेंढ्या पितील,” पेंगली म्हणाला. “गहू पिणार नाही.”

मग त्याने ते एक पान वाचलं. चार मिनिटं लागली. मी पान ऐकत नव्हते, बाबांच्या टोपीकडे बघत होते. टोपी जागची हलली नाही.

कोणीतरी मागून विचारलं, नक्की का? पेंगली म्हणाला, “पाच नळ्यांचं नक्की. तुमच्या शेतात माझी नळी नाही.”

“मग घाल की,” अर्न म्हणाला. “माझ्या मागच्या रानात घाल. नाहीतरी तिथे काही पिकत नाही, निदान भोक तरी पिकेल.”

आणखी हात वर झाले. पेंगली मोज्यातली पेन्सिल काढून नावं लिहू लागला. तेव्हा बाबा बोलले. आवाज चढवला नाही.

“हे सगळं पहिल्या वेळी का नाही सांगितलंस?”

साखळी सगळ्यांनी ऐकली होती. पूर्वेचा उतार रस्त्यावरून दिसायचा. पेंगलीला म्हणता आलं असतं की अहवालात होतं, तेविसाव्या पानावर. म्हणता आलं असतं की चहा झाला म्हणून बसलो. मी वाट बघत होते.

“मला सांगता येत नव्हतं,” तो म्हणाला.

बाबांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही, आणि ते बाहेर निघून गेले. आईला पिकअपमध्ये बसवलं, मला हाक मारली. साखळीवाला पंधरा दिवसांनी येणार होता आणि त्याला नको म्हणून कळवा, असं आमच्या घरात बाबांना सांगणारं कोणी नव्हतं. आईने रात्री जेवताना एकदा विषय काढला, तर बाबा म्हणाले मटण खारट झालंय. झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी विसळताना मला बाबा खिडकीतून दिसले. तीन नंबरच्या नळीपाशी गुडघे टेकून बसले होते, टोपी बाजूला ठेवून, कान नळीला लावून. पेंगली डुबक्या माझ्याकडे ठेवून जायचा, तो त्यांनी माझ्या खोलीतून न विचारता नेला होता. नंतर तसेच टेकाडाच्या पश्चिमेला चालत गेले, झाडीतल्या सात नंबरच्या नळीपाशी. असं ते दर दोन दिवसांनी जात राहिले. एकदाच मला विचारलं, “झाडीतल्या नळीत आवाज येत नाही. फीत अडकते का?”

“अडकत नाही,” मी म्हटलं. “एक्केचाळीस फूट आहे. सोडत राहायचं.”

त्यांनी टोपी मागे सरकवली नाही. अठरा आणि एक्केचाळीस, मध्ये एक कुंपण.

साखळीवाला ठरल्या दिवशी सकाळी आला. ट्रेलरवर बुलडोझर, मागे साखळी. मी फाटक उघडायला उतरले होते. आमच्याकडे गाडीत शेजारी बसलेल्याने फाटक उघडायचं असतं, आणि मी बाबांच्या शेजारी होते. बाबांनी गाडी फाटकातच आडवी उभी केली आणि खाली उतरले.

“पश्चिमेचं राहू दे,” ते म्हणाले.

साखळीवाला चिडला. त्याचा दोष नव्हता, लांबून आला होता. म्हणाला, क्लेम, अर्धं काम कोण करतं? घाबरलास की काय? त्या नळीवाल्याने डोक्यात काय भरलं तुझ्या?

बाबा फाटकाच्या खांबाला टेकले. तो खांबही त्याच झाडीतला. त्यांनी टेकाडाकडे हात केला आणि शेजाऱ्याला रस्ता सांगावा तसं सांगितलं.

“पाणी वर येतंय. येताना मीठ घेऊन येतंय. झाडं त्याला खाली धरून ठेवतात.”

मी फाटकाची साखळी हातात घेऊन उभी होते. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. ती वाक्यं माझी आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, शेवटपर्यंत माहीत झालं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही. त्या क्षणी ती त्यांचीच होती. साखळीवाल्याने एकदा झाडांकडे पाहिलं, एकदा समोरच्या आडव्या उताराकडे. “माझ्या रानातही एक टक्कल आहे,” तो म्हणाला, आणि ट्रेलर वळवायला लागला. वळवायला त्याला वीस मिनिटं लागली. आम्ही दोघं बघत उभे होतो.

पेंगलीची बदली पुढच्या वर्षी झाली. जाताना डुबक्या मला देऊन गेला. सरकारी मालमत्ता होती, ‘हरवला’ म्हणून लिहिलं. पण त्याची पाकिटं येत राहिली, सतरा वर्षं. काही लिहिलं की छापायच्या आधी एक प्रत मला. वर चिठ्ठी, ‘डॉट, क्लेमला वाचून दाखव. टोपी कुठे हलते ते लिही.’ मी संध्याकाळी व्हरांड्यात वाचायचे, बाबा पाय कठड्यावर ठेवून ऐकायचे. टोपी हलली की मी समासात लिहायचे, ‘टोपी’. पहिल्या वर्षी एकेका पानावर दहा-दहा टोप्या असायच्या. नंतर कमी होत गेल्या. बाबांना मोठी गंमत वाटायची की सरकारचा डॉक्टर आपल्याला विचारून लिहितो. कधी कधी कळलेलं असूनही मुद्दाम टोपी सरकवायचे आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचे. मी तीही लिहायचे. त्या संध्याकाळींसारखं काही पुन्हा झालं नाही. बाबा गेल्यावर मी पेंगलीला कळवलं. त्याचं उत्तर आलं, एकाच ओळीचं: ‘आता मी कोणासाठी लिहू?’

पूर्वेचं खोरं आज पांढरं आहे. बुटाखाली कुरकुरतं. पहिल्या सभेत चार मिनिटांचं एक पान वाचलं असतं तर ते हिरवं राहिलं असतं, निदान माझ्या हयातीत. हे मी रागाने म्हणते आणि म्हणत राहणार. पश्चिमेच्या खोऱ्यात अजून गहू येतो. गावात एके काळी बावीस नळ्या होत्या, माणसांनी स्वतःच्या हौसेने घातलेल्या. मग खात्याने मोजणी बंद केली. तसं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की ‘सदर निरीक्षण-जाळ्याच्या उपयुक्ततेचा पुनर्विचार प्रस्तावित आहे’. मी ते पत्र परत पाठवलं, समासात चार टोप्या लिहून. उत्तर आलं नाही.

त्याच्या मृत्यूची बातमी मी कापून ठेवली. ‘योगदान अनन्यसाधारण होते’च्या पुढे पेन्सिलीने ‘टोपी’ लिहिलं आणि त्याच्या पत्रांच्या डब्यात टाकली. मग डुबक्या घेऊन टेकाडावर गेले. आता गुडघे टेकायला वेळ लागतो आणि उठायला त्याहून जास्त. सात नंबरची नळी अजून आहे, झाकणासकट. फीत सोडत गेले आणि सवयीने एक हात वर केला. गप्प करायला कोणी नव्हतं.

डुबुक. सदतीस फूट दोन. बाबांच्या वेळी एक्केचाळीस होतं. लिहून ठेवलं.